शाहपूरच्या महसुली दप्तरातील वंशावळी

बऱ्हाणपूर–इच्छापूर रस्त्यावरील शाहपूर मध्य प्रदेशात असले, तरी तेथील अनेक कुटुंबांची घरची भाषा मराठी असून त्यांची सोयरीक रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोद या महाराष्ट्रातील तालुक्यांशी आहे. त्यामुळे एकाच गोताचा इतिहास दोन राज्यांच्या दप्तरांत विभागला गेला असून, ही दप्तरे पुन्हा जोडणारा भक्कम दुवा सासरी गेलेल्या लेकींच्या नोंदींमध्ये सापडतो.

या विभागणीचे मूळ राज्यकर्त्यांच्या बदलात आहे. उदगीरच्या १७६० मधील लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले व पुढे ते शिंद्यांच्या अमलाखाली गेले. इंग्रजांना ते १८६० च्या सुमारास अदलाबदलीत मिळाले आणि १८६४ मध्ये बऱ्हाणपूर ज्यात होते तो निमाड जिल्हा मध्य प्रांतास जोडला गेला. दक्षिणेकडील खानदेश मात्र १८१८ नंतर मुंबई इलाख्यात गेल्याने शेजारच्या गावांत जमाबंदीच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, दोन वेगळ्या पद्धती रूढ झाल्या. १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडलेले वऱ्हाडही १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशातच राहिले.

मध्य प्रांताच्या दप्तरात ‘मिसल बंदोबस्त’ म्हणजे जमाबंदीच्या वेळी तयार झालेला गावाचा मूळ कागदसंच, ‘खसरा’ म्हणजे शेताच्या क्रमांकानुसार ठेवलेली नोंद आणि ‘खतौनी’ म्हणजे खातेदारानुसार लावलेला हिशेब होय. महाराष्ट्रातील सातबारा आणि आठ-अ यांच्याशी खसरा व खतौनी या दोहोंचे अनुक्रमे ढोबळ साम्य आहे. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्याचा मालकी हक्क, रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाल्यावर जमीनधारकांची नव्याने नोंद होऊन ‘अधिकार अभिलेख’ तयार झाले. या कागदांत खातेदाराच्या नावापुढे ‘वल्द’ म्हणजे अमुकाचा मुलगा आणि ‘साकिन’ म्हणजे अमुक गावचा रहिवासी असे लिहिले जाई, म्हणून एका ओळीत दोन पिढ्या व एक गाव हाती लागते.

तथापि सारा कोणाकडून घ्यायचा एवढेच या दप्तराला ठरवायचे असल्याने भूमिहीन मजूर त्यात क्वचितच येतो, आणि स्त्री येते ती बहुधा ‘बेवा’, म्हणजे विधवा, म्हणून. ही उणीव काही अंशी कोटवाराच्या वहीने भरून निघते. गावचा हा चौकीदार जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देत असल्याने जमीन नसलेल्या घराचीही नोंद होई. मात्र जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, बाळाचे नाव नसते. ते नाव पुढे शाळेच्या दाखल-खारिज पंजीत, म्हणजे प्रवेश व नाव कमी केल्याच्या नोंदवहीत मिळू शकते. पण जिला शाळेत घातले नाही, त्या मुलीचा मागोवा इथेच थांबण्याचा धोका असतो.

या दृष्टीने १७ जून १९५६ रोजी लागू झालेला हिंदू उत्तराधिकार कायदा कुटुंबेतिहासातही निर्णायक ठरतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या वाट्यात मुलगी मुलांच्या बरोबरीने वारस झाल्यामुळे ‘फौती नामांतरण’, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे चढवण्याच्या नोंदीत, लेकीचे नाव पतीच्या नावासह येऊ लागले. पुढे तिने हक्कत्याग, म्हणजे भावांच्या नावे आपला वाटा सोडल्याचा लेख, केला तरी तिचे नाव व सासरचे गाव कागदावर राहते. ते गाव रावेर तालुक्यातील असेल, तर अभ्यासकाला तेथील फेरफार नोंदवहीत, म्हणजे सातबारावरील बदलांच्या नोंदवहीत, तिच्या पतीचे घराणे शोधता येते.

बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी झाला, त्याआधी जिल्ह्याचा कारभार खंडव्याहून चाले. म्हणून जुन्या नकलांसाठी, म्हणजे प्रमाणित प्रतींसाठी, दोन्हीकडे चौकशी करणे इष्ट ठरते. नकला हाती आल्यावर केवळ ‘वल्द’च्या ओळी जोडून वंशावळ पूर्ण झाली असे मानणे म्हणजे महसूल खात्याची गरज तीच कुटुंबाची व्याख्या समजणे होय. सरकारने सारा भरणाऱ्यांची यादी केली. आत्या, बहिणी आणि त्यांची सासरे यांना वंशावळीत स्थान देणे हे घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे, कारण शाहपूरसारख्या सीमेवरच्या गावात दोन्ही प्रांतांची नाती त्यांनीच जोडून ठेवली आहेत.