वाटून वाचलेला शब्द

झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचे वर्तमान वाचले जाते, तेव्हा एरव्ही चुळबुळ करणारी मुलेही कान देऊन ऐकतात. प्रसंगाचे गांभीर्य हे त्याचे एक कारण होय. परंतु दुसरेही एक कारण आहे. त्या दिवशी शब्द वाटून घेतलेला असतो. एकाने निवेदन करावे, एकाने ख्रिस्ताचे शब्द वाचावे, एकाने इतर पात्रांचे. आणि पुष्कळ ठिकाणी जमावाचा आवाज उपासक मंडळीच होते. प्रभूच्या मृत्यूची मागणी करणारे शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडतात आणि आपण दचकतो. जे ऐकून कळले नसते, ते उच्चारून कळते.

प्राथमिक शाळेतील मुलांना नाट्य आणि समूहवाचन शिकवावे, हा विचार आज नव्या शिक्षणपद्धतीचा म्हणून मांडला जातो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात डोकावले असता हे धन आपल्याच घरात फार पूर्वीपासून असल्याचे दिसते.

दहाव्या शतकात, इ. स. ९७० च्या सुमारास, इंग्लंडमधील विंचेस्टरचे बिशप संत एथेलवोल्ड यांच्या पुढाकाराने मठवासीयांसाठी एक नियमावली तयार झाली. तीत पुनरुत्थान सणाच्या पहाटेच्या प्रार्थनेविषयी विस्ताराने सांगितले आहे. शुभ्र झगा घातलेल्या एका बंधूने हाती झावळी घेऊन कबरेच्या जागी शांत बसावे. इतर तिघांनी धूपदाने घेऊन, काही तरी शोधत असल्याप्रमाणे, अडखळत्या पावलांनी तेथे यावे. मग देवदूताने प्रश्न करावा व स्त्रियांनी उत्तर द्यावे. युरोपातील धार्मिक नाटकाचे मूळ अभ्यासक येथे पाहतात. ना पडदा, ना रंगमंच. उपासनेतील चार ओळी चौघांनी वाटून घेतल्या आणि त्यातून नाटक जन्मास आले.

आपल्या देशात या पद्धतीचा उपयोग संत फ्रान्सिस झेवियर यांनी केला, तोही मुलांकरवी. १५४२ साली गोव्यात आल्यावर ते हाती घंटा घेऊन रस्त्याने फिरत व मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. पुढे दक्षिणेच्या मोती-किनाऱ्यावर त्यांनी प्रार्थनांचे तमिळमध्ये भाषांतर करवून घेतले. जानेवारी १५४४ च्या पत्रात ते आपली रीत सांगतात : आधी स्वतः म्हणावयाचे, मागोमाग सर्वांनी एकमुखाने म्हणावयाचे. आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत की सर्व घरी जाणे त्यांना अशक्य होई. तेव्हा प्रार्थना पाठ असलेल्या मुलांना ते त्या घरी धाडीत. मुले घरच्यांना व शेजाऱ्यांना जमवून त्यांच्याकडून विश्वासांगीकार म्हणवून घेत. त्या भाषेत स्वतः चाचपडणाऱ्या संताने मुलांच्या जिभेवर एवढा विश्वास टाकला, हे विसरता येत नाही.

येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी शिक्षणसंहिता मुक्रर केली, तीत नाटकांवर बंधने आहेत. नाटके क्वचितच व्हावीत, लॅटिनमध्ये असावीत, विषय पवित्र असावा. मात्र याच संहितेत वक्तृत्ववर्गाच्या शिक्षकाला एक मोकळीक दिलेली आहे. त्याने अधूनमधून विद्यार्थ्यांना एखादा लहान संवाद वा प्रवेश लिहावयास द्यावा, आणि त्यातील उत्तम लेखन भूमिका वाटून वर्गातच सादर करावे. पण रंगमंचाच्या कसल्याही सजावटीविना. हा नियम मोठ्या विद्यार्थ्यांसाठी होता. तरी त्यामागील दृष्टी प्राथमिक शिक्षकालाही मोलाची वाटावी. समारंभाचे नाटक निराळे आणि शिकण्याचे नाटक निराळे, हा भेद चारशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता.

मराठीपुरते बोलावयाचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हता. तो रविवारी व सणावारी देवळात मोठ्याने वाचला जाई आणि मंडळी ऐकत असे. त्यात ठिकठिकाणी श्रोता शंका विचारतो व पाद्रीगुरू उत्तर देतात. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य ग्रंथसुद्धा एकाच आवाजाचा नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर या परंपरेला अधिकृत मान्यता मिळाली. मुलांच्या मिस्साविषयीचे मार्गदर्शन रोमहून १ नोव्हेंबर १९७३ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या ४७ व्या परिच्छेदात म्हटले आहे की, वाचनाचा उतारा तसा असेल तेव्हा तो मुलांनी आपापसांत भूमिका वाटून वाचावा, जसे पवित्र सप्ताहात दुःखसहनाचे वर्तमान वाचतात. पुढच्याच परिच्छेदात प्रवचनाला मुलांशी संवादाचे रूप देण्याची मुभा आहे.

एवढा वारसा असताना आपण तो कसा सांभाळतो? शाळेचे स्नेहसंमेलन आणि धर्मग्रामाचा नाताळ कार्यक्रम पाहावा. पोशाख भाड्याने येतात, आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि मुले ओठ हलवतात. चुणचुणीत चार मुलांना भूमिका मिळतात. उरलेली झाडे, मेंढरे किंवा प्रेक्षक होतात. टाळ्या पुष्कळ पडतात, परंतु शब्द कोणाच्याच जिभेवर राहत नाही.

आमच्या वसईसारख्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मूल घरी कादोडी वा वाडवळी बोलते, शाळेत इंग्रजीतून शिकते आणि देवळात प्रमाण मराठी ऐकते. मिस्सात पहिले वाचन करावयास त्याला उभे केले की ते अक्षरे जुळवीत पुढे सरकते. आईवडील खाली मान घालतात. दुसऱ्या खेपेस त्याचे नाव यादीतून गळते. अशा रीतीने एक पिढी प्रभूशब्दाच्या वाचनपीठापासून दूर जात आहे, आणि त्यात दोष त्या लेकरांचा नाही.

येथे समूहवाचन फार उपयोगी पडते. एकट्याने वाचताना अडखळणारे, किंबहुना तोतरे बोलणारे मूलही इतरांच्या सुरात सूर मिसळला की सहसा सुरळीत वाचते. त्याला काही खर्च लागत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला घ्यावा. निवेदन एका गटाने सांभाळावे. धाकटा, पिता, थोरला व चाकर अशा चार भूमिका द्याव्या, आणि दर आठवड्यास त्या बदलाव्या. आवाज कोठे खाली आणावा, कोठे क्षणभर थांबावे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. बाप धावत गेला हे वाक्य सावकाश वाचायचे की घाईने, यावर दहा वर्षांची मुले जो वाद घालतात, तो उत्तम धर्मशिक्षणच होय. आणि थोरल्याचे शब्द ज्याच्या वाट्यास येतात, त्याला त्या मुलाचा रुसवा आतून समजतो. 'तो वाईट होता' असे ते मूल मग सहजासहजी म्हणत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात दर रविवारी दहा मिनिटे यासाठी काढावी, अशी आमची शिक्षक-भगिनींना व पालकांना विनंती आहे. घरी रोझरीनंतर एखादा उतारा आजी, वडील आणि मुले यांनी वाटून वाचावा. आजीचा उच्चार कादोडी वळणाचा असला तरी बिघडत नाही. संत झेवियरांनी आजाऱ्यांच्या दारी पाठवलेली मुले काही पंडित नव्हती. त्यांच्याजवळ शब्द होता, आणि तो मोठ्याने म्हणण्याचे धैर्य कोणी तरी त्यांना दिले होते.