हबशी, निग्रो, ब्लॅक

आमच्या नायगाव तालुक्यातली मुले पदवी घेतात ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. 1994 साली हे विद्यापीठ निघाले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य. अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य मराठी वाचकाला त्यांनी समजावून सांगितले. 1978 च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावात 'निग्रो' हा शब्द आहे. मराठीत तेव्हा तोच रूढ होता.

अमेरिकेतील काळ्या विद्यार्थ्यांनी मात्र तो त्याआधीच टाकला होता. नोव्हेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात त्यांनी संप पुकारला, तो चार महिन्यांहून अधिक चालला. आमचा इतिहास आमच्या नजरेने शिकवा, ही त्यातली मोठी मागणी. हिणवण्यासाठी वापरलेला 'ब्लॅक' हा शब्द त्यांनी अभिमानाने धारण केला.

हे वारे मराठवाड्यात आले ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून, अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांच्यामुळे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पुढे 1978 मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी एकदा टेंभुर्णीला जाऊन यावे.

आता आम्हा मुसलमानांविषयी. नायगावावरून जाणारी सडक हैदराबादला पोचते. तिथे ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. निजामाच्या आफ्रिकन घोडदळाचे ते नाव. खडकी वसवणारा मलिक अंबर हबशीच. 1610 सालची ती खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर आहे. जलशांत, भाषणांत आम्ही त्याचा गौरव करतो. घरी सून बघायला गेलो की रंग आधी पाहतो, आणि काळ्या पोराला 'हबशी' म्हणून चिडवतो. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांकडे लोक वळून वळून बघतात, त्यांत आपलेही असतात.

मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. गुलाम म्हणून तो बाजारातून बाजारात विकला गेला. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव चापू. 'अंबर' हे बगदादच्या धन्याने दिलेले.