छंदाचें दप्तर

मराठ्यांच्या इतिहासाचा जो भाग आज आपणांस ज्ञात आहे, त्याचें श्रेय संशोधकांच्या परिश्रमांस आहेच. पण थोडें श्रेय जुन्या वाड्यांतील कोरड्या माळ्यांसही दिलें पाहिजे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील पत्रें १७५० पासून १७६१ पर्यंतच्या काळांतील आहेत. मधल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत अशा कागदांची वास्तपुस्त करणारे लोक थोडेच होते. वाळवी व पाऊस यांच्या तडाख्यांतून जे कागद वांचले, ते बहुधा नुसते पडून राहिले म्हणून वांचले. उपेक्षा कागदास एकदम मारीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

आमच्या काळांत लेखनाचें जें नवें साधन निर्माण झालें, त्यांत नेमका हाच गुण नाहीं. ही गोष्ट ज्यांस स्वानुभवानें कळली, त्यांत फावल्या वेळीं आपला ब्लॉग आपणच रचणारे, त्याचा कोड आपणच लिहिणारे व त्याची निगा आपणच राखणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्या हौसेचा अल्प इतिहास वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे. या विषयांत आम्ही तटस्थ नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. गेलीं पंचवीस वर्षें कॉलेजांतील व्याख्यानें व उत्तरपत्रिका यांतून उरलेला वेळ आम्हीं याच छंदांत घातला आहे.

१९८९ च्या मार्चमध्यें, जिनीव्हानजीकच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनीं आपल्या वरिष्ठांपुढें एक टिपण ठेविलें. संस्थेंत शास्त्रज्ञ येत व जात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कामाची माहितीही निघून जाई. ती माहिती परस्परांस जोडलेल्या पृष्ठांच्या रूपानें मागें राहावी, अशी त्या टिपणांतील योजना होती. १९९० च्या अखेरीस त्यांनीं जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यांत पृष्ठ वाचतां येई, तसेंच लिहितां व दुरुस्तही करतां येई. वाचक निराळा व लेखक निराळा, हा भेद त्या रचनेंत नव्हता. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सर्व रचना कोणासही विनामूल्य वापरण्यास मोकळी करून दिली. त्याच वर्षीं निघालेल्या मोझेइक या ब्राउझरानें ही विद्या सामान्य लोकांपर्यंत नेली. पण त्यांत पृष्ठ लिहिण्याची सोय नव्हती. वाचणें सोपें झालें, लिहिण्यास मात्र स्वतंत्र शिक्षण लागूं लागलें.

तें शिक्षण फार कठीण होतें असें नाहीं. एचटीएमएल या खुणांच्या भाषेस, छापखान्याच्या कामाची ओळख असलेल्या वाचकानें मुळींच भिऊं नये. हस्तलिखित छापावयास धाडतांना संपादक त्यावर खुणा करितो: हें शीर्षक, येथें नवा परिच्छेद, हे शब्द तिरप्या टाइपांत. एचटीएमएलच्या खुणा त्याच जातीच्या आहेत. त्या कोनी कंसांत घालून मजकुराच्या आरंभीं व अखेरीस लिहावयाच्या, आणि जुळाऱ्याच्या जागीं यंत्र त्या वाचतें, इतकाच फरक. शिवाय कोणतेंही पृष्ठ उघडून त्याच्या मागील खुणा पाहण्याची सोय ब्राउझरांत होती. दुसऱ्यानें दोन रकाने कसे पाडले, चित्र मजकुराच्या उजवीकडे कसें बसविलें, हें पाहावें, उतरून घ्यावें व घरीं करून पाहावें. सुताराच्या मुलानें बापाशेजारीं बसून रंधा मारावयास शिकावें, तशी ही विद्या पसरली.

अमेरिकेंतील स्वार्थमोर कॉलेजांत शिकणाऱ्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्यानें १९९४ च्या जानेवारींत आपलें पृष्ठ मांडलें, आणि पुढें त्यावर तो स्वतःच्या आयुष्यांतील गोष्टी जाहीरपणें लिहूं लागला. त्याच वर्षीं निघालेल्या व मागाहून जिओसिटीज या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें हौशी लोकांस फुकट जागा देऊं केली. विषयवार पेठा पाडाव्या व प्रत्येकास त्यांत घरक्रमांक द्यावा, अशी तिची पद्धति होती. त्या पेठांतील बहुतेक घरें बेढब होतीं. रंग भडक, चित्रें सारखीं लुकलुकणारीं, आणि दारावर बहुधा ‘काम चालू आहे’ अशी पाटी. त्या पाटीस त्या वेळीं पुष्कळजण हंसत. आज मागें वळून पाहतां ती या छंदाचें ब्रीदच होती असें आम्हांस वाटतें. कारण या छंदांत काम कधीं पुरें होत नाहीं.

रूपाच्या बाबतींत पुढें सुधारणा झाली. १९९६ च्या डिसेंबरांत सीएसएस या नियमावलीस मान्यता मिळाली, आणि मजकूर व त्याचा पेहराव हीं दोन वेगळीं ठेवण्याचा मार्ग खुला झाला. २००३ सालीं डेव्ह शे या कॅनडांतील आरेखकानें ‘सीएसएस झेन गार्डन’ हें स्थळ उघडून एकाच मजकुरास निरनिराळ्या कारागिरांनीं दिलेलीं रूपें शेजारीं शेजारीं मांडलीं. मजकुराच्या खुणा सर्वत्र त्याच. बदले तो फक्त पेहराव. आम्हांसारख्या साध्या हौशी माणसास तो मोठाच वस्तुपाठ होता.

याच काळांत ब्लॉगही जन्मास आला. ‘वेबलॉग’ हें नांव जॉर्न बार्जर यांनीं १९९७ च्या डिसेंबरांत वापरलें. १९९९ सालीं पीटर मर्होल्झ यांनीं गमतीनें त्या शब्दाची फोड करून ‘ब्लॉग’ हा शब्द पाडला. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें ब्लॉगर ही सेवा निघाली, आणि २००३ च्या मे महिन्यांत मॅट मुलेनवेग व माइक लिट्ल यांनीं वर्डप्रेस पुढें आणलें. खुणांची भाषा न शिकतांही मनुष्य आतां लिहूं शकला. हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याची किंमतही होती. पूर्वीं घरधनी आपलीं पृष्ठें विषयानुसार हवीं तशीं रची. आतां नवें तें वर व जुनें तें खालीं, हा एकच क्रम बहुतेकांच्या वांट्यास आला. रोजनिशीस हा क्रम शोभतो. पण संशोधनपर लेखासही तोच लागू झाल्यानें सहा महिन्यांपूर्वींचें लेखन आपोआप शिळें ठरूं लागलें, आणि जुन्या लेखाकडे परत जाऊन तो सुधारण्याची संवय मोडली.

मराठी लिहिणाऱ्यापुढें याखेरीज आणखी एक संकट होतें. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली; पण घरगुती संगणकावर तिचा खरा उपयोग होण्यास विंडोज २००० यावें लागलें. त्यांतील ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार व कवि र. कृ. जोशी यांनीं रेखिला होता. तत्पूर्वीं आम्ही सर्वजण रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरीत असूं. पडद्यावर मराठी दिसे. यंत्राच्या दप्तरीं मात्र रोमन अक्षरांचीच नोंद होई. ज्याच्याजवळ तोच फॉन्ट नसे, त्यास निरर्थक अक्षरांची रास दिसे.

याचा परिणाम आम्हीं स्वतः भोगिला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, त्या दिवसाच्या आठवणी आमच्या वडिलांनीं सांगितल्या व आम्हीं त्या २००० सालीं आपल्या पहिल्या पृष्ठावर लिहून ठेविल्या. पुढें वडील वारले. जागा देणारी कंपनीही कांहीं वर्षांनीं बंद पडली व पृष्ठ गेलें. जुन्या फ्लॉपींत मजकुराची नक्कल सांपडली, पण तो फॉन्ट कोठें मिळेना, आणि त्याचें नांवही आठवेना. मोडी न येणाऱ्याच्या हातीं पेशवाईंतील रुमाल पडावा, तशी आमची स्थिति झाली. शेवटीं आमच्या आत्यानें तो लेख छापून आपल्या ट्रंकेंत ठेविल्याचें निघालें. त्या आठ कागदांशीं फ्लॉपींतील एकेक अक्षर ताडून आम्हीं कोष्टक तयार केलें, व त्यावरून मजकूर युनिकोडांत उतरविणारा एक लहानसा कोड लिहिला. जुन्या फॉन्टांत ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधीं नोंदलेली, युनिकोडांत ती अक्षरानंतर; रफाराचा प्रकार याच्या उलट. हे क्रम सुधारण्यांतच एक उन्हाळ्याची सुटी गेली. मजकूर परत मिळाला, तो आत्याच्या ट्रंकेमुळें.

आमचें नुकसान आठ पानांवर निभावलें. जिओसिटीज याहू कंपनीनें १९९९ सालीं विकत घेतली व २००९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील तिचें काम बंद केलें. पंधरा वर्षांत हौशी लोकांनीं उभारलेल्या त्या पेठा एकदम पुसल्या गेल्या. ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटानें व ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं स्थापिलेल्या इंटरनेट आर्काइव्हनें त्यांतील पुष्कळ पृष्ठें उतरून ठेविलीं. पण सर्व हातीं लागलें नाहीं. पडक्या वाड्यांत भिंत तरी उरते, येथें जोतेंही राहत नाहीं.

म्हणून या छंदांत रचनेपेक्षां निगा श्रेष्ठ, असें आमचें मत झालें आहे. डोमेनचें नांव दर वर्षीं पैसे भरून राखावें लागतें. एकदां दिलेला पत्ता बदलूं नये, असें बर्नर्स-ली यांनीं १९९८ च्या एका टिपणांत आग्रहानें सांगितलें आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तें वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं, कारण पत्ता बदलला कीं दुसऱ्याची तळटीप खोटी पडते. मजकूर साध्या फाइलींत असावा, म्हणजे उद्यां कोणतेंही यंत्र तो वाचूं शकेल. २००८ सालीं टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं काढलेल्या जेकिलसारख्या साधनांनीं, अशा साध्या फाइलींतून संपूर्ण ब्लॉग तयार करण्याची रीत पुष्कळांस घालून दिली, व आम्हीही आतां तीच पाळतों. दर दिवाळीच्या सुटींत आम्ही तुटलेले दुवे तपासतों, जुन्या लेखांतील चुका दुरुस्त करितों, आणि सर्व दप्तराच्या दोन नकला काढून निराळ्या घरीं ठेवितों.

यावर कोणी विचारील कीं, सामान्य प्राध्यापकाच्या लेखनाची एवढी जपणूक कशासाठीं? राजवाड्यांच्या खंडांत मोठ्या मोहिमांचीं पत्रें आहेत हें खरें. पण त्या काळचे लोक कसे जगत, हें हिशेबाच्या व घरगुती कागदांवरूनच अधिक कळतें, आणि ते लिहिणारांस आपण इतिहास लिहीत आहों याची कल्पनाही नव्हती. मराठींत आज जें हौशी लेखन ब्लॉगांवर पडलें आहे, गांवच्या जत्रांचें, गिरण्यांतील दिवसांचें, आजीच्या पाककृतींचें, तेंही उद्यांच्या संशोधकाचें साधन आहे. तें माळ्यावर पडून राहणार नाहीं. पैसे भरणारा हात थांबला कीं, थोड्याच काळांत तें नाहींसें होईल.

आमचाही हात एक दिवस थांबेल. म्हणून आम्हीं पैसे केव्हां व कोठें भरावयाचे, नकला कोठें आहेत व कोड कसा चालतो, याचें टिपण स्वच्छ बाळबोधींत लिहून मुलीच्या हवालीं केलें आहे. आणि निवडक लेख छापून त्यांची एक प्रत आत्याच्या त्याच ट्रंकेंत ठेविली आहे. ज्यांस हा छंद आहे, त्यांनीं येत्या सुटींत एवढें तरी करावें, अशी विनंती करून हा लेख पुरा करितों.