रोवण्यातली कामचोर

लाखांदूरच्या धानाच्या बांध्यांत रोवणा लागला की माझ्या आईला बाया ‘कामचोर’ म्हणत. पऱ्ह्यांची जुडी हातात, पाय गार चिखलात. सांधे ठणकायला लागले की ती धुऱ्यावर बसायची आणि रोजी अर्धी व्हायची. दुखणं रक्तातलं, सिकलसेलचं. सिकल म्हणजे विळाच: तांबड्या पेशी तशा वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, गारठ्यात जास्तच. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीत नोंदला गेला. तरी १९९५च्या अपंग कायद्यात सातच प्रकार, रक्तविकार नाहीतच. २०१६च्या कायद्याने एकवीस केले, तेव्हा सिकलसेल आलं. तेच दुखणं माझ्याही रक्तात; मी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत उभी राहिले. (उभीच, खुर्च्या आतल्यांना.) खिडकीतला म्हणाला, “बाई, हातपाय तर धड दिसतात.” आईची सूजही लुगड्याखालीच असायची.