केसरबाईंची तालीम

मंडळाच्या भजनवर्गात मी पेटी शिकायला बसले, पण दोन महिन्यांत बोटे वळेनात म्हणून घरीच राहिले. ‘आता या वयात काय येणार!’ असे मीच म्हणत होते. तेव्हा केसरबाई केरकरांची हकीकत वाचनात आली, ती भगिनींसाठी देते.

गोव्यातील केरी गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, तेही जेमतेम आठ महिने. मग वझेबुवा लामगावी येत तेवढ्यापुरते शिक्षण. पुढे मुंबईस बखलेबुवा. कुठेच सलग तालीम मिळेना. दुसरी एखादी कंटाळली असती. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी शिकवायला घेतले. बाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस! आपल्याकडे या वयाची बाई लेकरांत नि चुलीत गुंतलेली असते. खाँसाहेब १९४६ साली वारले, तोवर, म्हणजे पंचवीस वर्षे, त्या त्यांच्या शिष्याच राहिल्या. पद्मभूषण १९६९ साली मिळाले. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात व्हॉयेजर याने सोडली, त्यांतील तबकडीवर बाईंची भैरवी आहे.

मी पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. शेजारणींनी तूर्त सोसून घ्यावे.