ट्राम आली आणि वेधशाळा अलिबागला गेली: न बघता गाडी ओळखण्याची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आधी एक कोडं. रस्त्याच्या कडेला एक माइक ठेवलाय आणि जमिनीत एक जिओफोन खोचलाय. कॅमेरा नाही. आत्ता गेलं ते काय होतं? एसटी, टँकर, की मिनीडोर? इंजिनिअरिंगच्या पोरांना स्पर्धांमध्ये असा प्रश्न दिला जातो. आवाज आणि जमिनीची थरथर, एवढ्यावरून गाडी ओळखायची.

जिओफोन म्हणजे फार काही नाही. एक लोहचुंबक आणि स्प्रिंगवर तोललेली तारेची गुंडाळी. जमीन हलली की गुंडाळीत बारीकसा विद्युतदाब तयार होतो आणि तो आपण नोंदवतो. आवाजाचं गणितही सोपं आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 60 स्फोट होतात. तेवढ्याच फेऱ्यांना एका सिलिंडरचं इंजिन फक्त 15 स्फोट करतं. म्हणून मिनीडोरची फटफट आणि ट्रकची घरघर आपल्याला डोळे मिटूनही वेगळी कळते. मशीनला तेच शिकवायचं.

पण या गोष्टीची सुरुवात मला आपल्याच जिल्ह्यात सापडते. आणि तिथे सगळं उलटं आहे. तिथे लोक गाडी ओळखायला नाही, तर गाडीपासून उपकरणं वाचवायला आले होते.

मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 ची. (रायगडचं 1981 पर्यंतचं नावही कुलाबा जिल्हा, पण ही वेधशाळा मुंबईतल्या कुलाब्याची.) तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक तरुण होता, केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे गणितज्ञ केरूनाना म्हणून गाजले. 1896 मध्ये नानाभाई मूस वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. 1898 मध्ये तिथे मिल्नचा भूकंपमापक बसला. म्हणजे जमिनीची थरथर कागदावर उमटवणं मुंबईत तेव्हाच सुरू झालं होतं.

मग बातमी आली की मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालणार. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, थोडी जमिनीत झिरपते, आणि चुंबकसूची नाचायला लागते. साठेक वर्षांच्या नोंदी बिघडणार! म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामात चुंबकाला डिवचेल असं लोखंड वापरलं नाही. 1904 मध्ये काम सुरू झालं, आणि मूस यांनी कुलाब्याचं मोजणं लगेच थांबवलं नाही. 1906 पर्यंत दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलल्यामुळे आकड्यांत नेमका किती फरक पडतो, हे त्यामुळे कळलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. 7 मे 1907 ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचं काम नीट बसलेलं होतं.

ही दोन वर्षं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

साठ वर्षांनी अमेरिकेने नेमकं उलटं केलं. व्हिएतनाम युद्धात हो ची मिन्ह मार्गावरून रात्री जाणारे ट्रक पकडायला त्यांनी जंगलात विमानातून सेन्सर टाकले. काही भाल्यासारखे जमिनीत घुसायचे आणि वर झाडाच्या फांदीसारखी दिसणारी अँटेना राहायची. काही पॅराशूटने फांद्यांना लटकून आवाज ऐकायचे. मोहिमेचं नाव इग्लू व्हाइट. थायलंडमधल्या नाखोन फानोमला बसलेले कॉम्प्युटर हे सिग्नल वाचायचे आणि त्यावरून बॉम्ब पडायचे. आकडे झकास येत होते. इतके झकास, की उद्ध्वस्त केल्याचा दावा असलेले ट्रक, सीआयएच्या अंदाजाप्रमाणे उत्तर व्हिएतनामकडे मुळात जेवढे होते, त्याहून जास्त निघाले. जमिनीवर जाऊन खात्री करायची सोयच नव्हती.

2001 मध्ये अमेरिकेतच कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, ट्वेंटीनाइन पाम्सला, सेन्सिट प्रकल्पात लष्करी गाड्या सेन्सरच्या जाळ्याजवळून चालवल्या गेल्या. त्यातून तयार झालेली फाइल आज कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं. 50 आकडे आवाजाचे, 50 थरथरीचे, शिकवायला 78,823 नमुने. जगभरच्या विद्यार्थ्यांनी यावर हात साफ केलाय.

आम्हीही तीच फाइल घेतली. थर्ड इयरला आम्ही चौघं अशाच एका स्पर्धेच्या तयारीला लागलो होतो. मी पेणचा, एक जण रोह्याचा. त्या फाइलमध्ये लष्कराच्या अवजड गाड्या आहेत. आपल्याकडे काय आहे? पेणहून गणपती घेऊन बैलगाडीच्या वेगाने जाणारा टेम्पो. डोलवीचे ट्रेलर. धाटाव एमआयडीसीचे टँकर, जाताना भरलेले, येताना रिकामे. आणि वाळवंटात नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुलैतला पाऊस. माइकवर नुसता सरींचा ताशा वाजतो, आणि जिओफोनखालची माती पाणी पिऊन वेगळीच होऊन बसते.

मग मित्राच्या काकांचा एकच टेम्पो आम्ही दोन ठिकाणी, सारख्या वेगाने फिरवला. एकदा पेणजवळ खारजमिनीच्या मऊ मातीवर, एकदा रोह्याकडे कातळ लागतो तिथे. आवाज जवळपास तोच आला. थरथर मात्र ओळखू येईना. मऊ मातीत ती मोठी, संथ आणि रेंगाळणारी. कातळावर बारीक आणि चटकन संपणारी. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण जिओफोनच्या हिशेबाने दोन वेगळी वाहनं! काका म्हणाले, "अरे, टेम्पो एकच आहे माझा, दुसरा घेऊन द्या की." तेव्हापासून मशीनला शिकवताना प्रत्येक नमुन्यासोबत जमीन कुठली हेही लिहायचं, असं आमचं ठरलं.

माझ्या मते मूस यांनी 1904 ते 1906 मध्ये केलं तेच हे काम. मोजायची जागा बदलणार असाल, तर आधी दोन्हीकडे मोजा. इग्लू व्हाइटमध्ये जे राहून गेलं ते हेच: मशीनच्या उत्तरापलीकडे, प्रत्यक्षात काय गेलं हे बघणारं कुणीतरी. स्पर्धेत चुकीच्या उत्तराला मार्क जातात. पण हेच तंत्र सीमेवर, जंगलात किंवा नाक्यावर लावलं, तर चुकीच्या उत्तराच्या टोकाला एखादा माणूस स्टिअरिंग धरून बसलेला असतो.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. पुढच्या वेळी बीचवर जाताना तिच्याकडे जरा बघा. आणि तुमच्यापैकी कुणी अशा स्पर्धेत उतरत असेल, तर आपल्या गावच्या रस्त्याचं रेकॉर्डिंग आधी करा, पावसातलं आणि उन्हातलंही. केलंत तर आम्हाला जरूर पाठवा. मिनीडोर आम्ही लगेच ओळखू!

भेटू पुढच्या भागात.