टू-स्ट्रोक इंजिन नव्याने बांधल्यानंतर : जेटिंगची योग्य पद्धत

भारतातील डर्ट ट्रॅक आणि मोटोक्रॉसच्या मैदानावर वर्षानुवर्षे धावलेल्या गाड्यांमध्ये यामाहा आरएक्स १०० चे नाव अग्रभागी येते. १९८५ ते १९९६ या काळात उत्पादन झालेली ही गाडी आजही अनेकांनी हौसेने जपली आहे. साहजिकच तिचे इंजिन उघडणे, सिलिंडर रिबोअर करणे आणि नवा पिस्टन बसविणे ही कामे गॅरेजमध्ये सतत चालू असतात. मात्र इतका खर्च केल्यानंतर कार्बोरेटरमधील जुने जेट तसेच ठेवले जातात आणि नवा पिस्टन काही दिवसांतच जाम होतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते आत येणाऱ्या इंधनाच्या मिश्रणाबरोबरच. पिस्टन थंड राखण्याचे कामही बऱ्याच अंशी तेच मिश्रण करते. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडले, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ते 'लीन' झाले, की उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला घासू लागतो. याउलट 'रिच' मिश्रणाने धूर होतो, प्लग काळा पडतो, पण इंजिन सहसा वाचते. म्हणून नव्या इंजिनाची सुरुवात नेहमी रिच बाजूने करावी. मेन जेट एक-दोन क्रमांकांनी मोठा बसवावा आणि मग टप्प्याटप्प्याने खाली यावे.

आधी गळती तपासा

जेटला हात लावण्यापूर्वी इंजिन बाहेरची हवा ओढत नाही ना, याची खात्री करावी. मॅग्नेटोच्या बाजूचे क्रँक ऑइल सील, इनटेकचे रबर आणि सिलिंडरखालचे पॅकिंग ही संशयाची ठिकाणे. इनटेक व सायलेन्सरचे तोंड बंद करून सुमारे ६ पीएसआय दाब द्यावा. तो सहा मिनिटे टिकला, तर इंजिन निर्दोष समजावे. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल, तर इंजिन गिअर ऑइल ओढते आणि पांढरा धूर सोडते. एअर फिल्टर स्वच्छ असावा आणि फ्लोटची उंची कंपनीच्या मापाप्रमाणे असावी. गळती असताना केलेले जेटिंग फुकट जाते.

कोणता भाग केव्हा काम करतो?

थ्रॉटल पावपर्यंत उघडा असताना स्लो जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा काप यांचा प्रभाव असतो. पाव ते पाऊण उघडा असताना निडलचा, तर त्यापुढे मेन जेटचा. एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण रिच होते. इंजिन गरम असताना स्क्रू सावकाश फिरवून सर्वांत चढा व स्थिर आरपीएम मिळेल तेथे थांबावे. हे ठिकाण स्क्रू पूर्ण बंद स्थितीपासून एका फेऱ्याच्या आत आले, तर स्लो जेट मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेले, तर लहान. निडलची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा.

प्लग काय सांगतो?

मेन जेटची परीक्षा रनिंग-इन पूर्ण झाल्यावरच करावी. नवा प्लग लावून बंदिस्त मैदानावर पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवावी, नंतर क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करावे. पोर्सेलीनच्या मुळाशी कॉफीसारखा तपकिरी रंग दिसला, तर मिश्रण योग्य. ओला काळा रंग रिच मिश्रणाचा. पांढरा रंग आणि त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसल्यास इंजिन ताबडतोब थांबवावे. थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम वर रेंगाळणे किंवा चोक थोडा ओढताच गाडी अधिक ओढ दाखवणे, ही लीन मिश्रणाची लक्षणे आहेत.

आजचे पेट्रोल, आपली हवा

जुने आकडे आज जसेच्या तसे चालत नाहीत, याचे एक कारण पेट्रोल. २०२५मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. शुद्ध पेट्रोल जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. २० टक्के मिश्रणास साधारण साडेतेरा पट हवा पुरते. म्हणजेच पूर्वी अचूक असलेला जेट आज लीन ठरतो.

दुसरे कारण उंची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. घाट चढताना हवा विरळ होऊन मिश्रण रिच होते. घाट उतरून कोकणात आल्यावर ते लीन होते. कडाक्याच्या थंडीतही हवा दाट झाल्याने तोच परिणाम होतो.

टाकीत ऑइल मिसळणाऱ्या गाड्यांत आणखी एक गैरसमज आढळतो. ऑइल वाढवले की मिश्रण रिच होते, असे नव्हे. ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे जेटमधून येणारे पेट्रोल घटते आणि मिश्रण उलट लीन होते. म्हणून ऑइलचे प्रमाण आधी ठरवावे, नंतरच जेट निवडावेत. ते प्रमाण बदलल्यास तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी. जेटची किंमत पिस्टन आणि रिबोअरच्या खर्चापुढे नगण्यच असते.